भुईआवळीचा काढा

बाबांच्या कारखान्यात पाळी सुरू होण्याआधी प्रत्येकाला भुईआवळीचा काढा मिळायचा. मानपाड्याला सॉल्व्हंटच्या शेडमध्ये ते कामाला होते. शेडमधली हवा बाहेर फेकणारा पंखा कधीचाच बंद पडलेला. तो दुरुस्त करण्याऐवजी शेठ काढा पाजायचा. "लिव्हरला कवच आहे हे," म्हणायचा. बाबा घरी येऊन कौतुकाने सांगायचे, मालक काळजी घेतो.

मग बाबांचे डोळे पिवळे झाले. विचारणाऱ्यांना शेठने सांगितलं, "बाहेर पीत असणार." बाबांनी कधी बिअरसुद्धा चाखलेली नाही. पण सोसायटीतल्या काकू आईशी हळू आवाजात बोलायला लागल्या.

मी तेव्हा एमएस्सीला होते. आमच्या लॅबमध्ये हेच चालायचं. उंदरांना आधी वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग यकृत बिघडवणारं रसायन द्यायचं आणि किती वाचलं ते बघायचं. थोडं वाचतं, खरंच. पण उंदरांना आम्ही रसायन मोजून देतो आणि थांबतो. बाबांच्या बाबतीत कोणी थांबत नव्हतं.

कारखान्यातल्या सत्यनारायणाला शेठने मला बोलावलं. कामगाराची शिकलेली मुलगी काढ्यामागचं सायन्स सांगेल, असा त्याचा बेत. मी लगेच हो म्हटलं. एरवी वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज निघत नाही. आईला वाटलं, मला ताप आलाय.

माइक हातात आल्यावर मी काढ्याचा पेला भरून शेठसमोर धरला.

"हा घ्या आणि तासभर शेडमध्ये बसा. कवच आहे ना."

शेठ हसला. "बेटा, मस्करी पुरे."

मी हात मागे घेतला नाही. शेजारी बसलेली शेठाणी पटकन म्हणाली, "अहो, आत नका हं जाऊ!"

मागून कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आम्हीपण कुणाचे तरी अहो आहोत!"

सगळे हसले. शेठच्या कपाळावरचा घाम मी निवांत बघत होते. इतकं छान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

"नाहीतर सांगा, माझे बाबा दारू पितात का?"

"नाही पीत," तो पुटपुटला.

मी माइक त्याच्या तोंडाशी नेला. "आता सांगा."

त्याने सांगितलं. शेवटच्या रांगेत बाबा मान खाली घालून बसले होते. ती त्यांनी वर केली.