कादंबरीची भिशी

मुरबाडात आमची सात बायकांची एक भिशी होती, पण ती पैशांची नव्हती, कादंबऱ्यांची होती. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं. दर दोन महिन्यांनी चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं आपली आवडती कादंबरी सुचवायची आणि सगळ्यांनी ती वाचायची म्हणजे वाचायचीच. मग बैठक. पितळी डब्यात प्रत्येकीनं एक चिंचोका टाकायचा. आवडली तर अख्खा, नाही आवडली तर फोडलेला. फोडलेले जास्त निघाले तर सुचवणारीचं नाव वर्षभर चिठ्ठ्यांतून बाद. इतकी कडक भिशी मी दुसरीकडे पाहिली नाही.

सातांतल्या पाचजणी शिक्षिका, एक सरकारी दवाखान्यातली सिस्टर आणि मी. मी वैशाखऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरची अंगणवाडीताई, शिक्षण दहावी. सिस्टरनं हट्ट धरला म्हणून मला भिशीत घेतलं. हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या मोठ्या बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण त्यांची नाराजी मला बरोबर कळली. वाचनात मात्र मी कुणाला ऐकणारी नव्हते. तेवढा गर्व मला तेव्हाही होता, आजही आहे.

तिसऱ्या खेपेला माझी चिठ्ठी निघाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "तुला अवघड जात असेल तर तुझ्या नावावर मी सुचवते काहीतरी."

असा राग आला मला! म्हटलं, "नको बाई. माझी ठरलेली हाय."

ठरलेली कसली, माझ्याकडे स्वतःची अशी कादंबरीच एक होती. म्हसाच्या जत्रेत एक शेंगदाणेवाला तिची पानं फाडून पुड्या बांधत होता. मी एक पुडी घेतली, शेंगदाणे खाऊन कागद वाचला आणि परत जाऊन उरलेलं पुस्तकच त्याच्याकडून मागून घेतलं. सुरुवातीची आठ पानं गेलेली, त्यामुळे नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही. गोष्ट एका मोठ्या घरातल्या सुनेची. भाताच्या कोठीची किल्ली तिच्या कमरेला, पण मूठभर तांदूळ आपल्या मर्जीनं कुणाला द्यायची तिला मुभा नाही. एका सकाळी ती कोठीला कुलूप लावते, किल्ली विहिरीत टाकते आणि चालू लागते. नदीपाशी येते, लुगडं वर खोचते आणि पलीकडे जायला गुडघाभर पाण्यात उतरते. शेवटचं पान तिथं पूर्णविरामावर संपत होतं. आठ वेळा वाचली होती मी ती. दर वेळी तिथं आलं की अंगावर काटा यायचा. वाटायचं, असा शेवट लिहिणाऱ्याचे पाय धरावेत.

प्रत एकच, म्हणून ती एकेकीकडे आठवडाभर अशी फिरली. मग एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, सिस्टरच्या क्वार्टरमध्ये आम्ही जमलो. मोठ्या बाईंनी पिशवीतून दुसरंच पुस्तक काढलं. पुठ्ठा बांधणीचं, शहापूरच्या वाचनालयाचा शिक्का मारलेलं.

"ही तुझी कादंबरी. मी कॉलेजात असताना वाचली होती, वाचता वाचता नाव आठवलं. तुझ्या प्रतीत शेवटची सोळा पानंच नाहीत."

पुढून पानं फाडलेली दिसत होती. मागूनही फाडली असतील हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेंगदाणेवाला काय, हाताला येईल तिथून फाडणार.

बाईंनी ती सोळा पानं मोठ्यानं वाचली. निम्म्या नदीत सुनेला घर आठवतं. ती मागे फिरते, सासूच्या पाया पडते. सासू तिला उठवते आणि कोठीची तीच किल्ली पुन्हा तिच्या कमरेला खोचते. कादंबरी समाप्त.

"म्हणजे शेवट न वाचताच तू सुचवलीस," बाई म्हणाल्या. एक शिक्षिका तोंडावर पदर धरून हसली.

माझे कान तापले. वर्षभर नाव बाद झालं असतं तरी मी ते सोसलं असतं. पण आता या बायका म्हणणार, हिला वाचताच येत नाही. ते सोसण्यासारखं नव्हतं. डोळे भरून आले. सिस्टर डबा पुढे करणार, तेवढ्यात मी विचारलं, "बाई, किल्ली आली कुठून?"

"म्हणजे?"

"तिनं किल्ली हिरीत टाकली ना? मग सासूकडं आली कशी? तुमी आता वाचलंत त्यात हिरीत कोण उतरला नाय."

बाईंनी पुस्तक उघडलं. सोळा पानं पुन्हा चाळली. मग मागे जाऊन विहिरीचं पान काढलं. चष्मा पुसला, परत पाहिलं. सिस्टरचा चहा गाळून झाला तरी त्या शोधतच होत्या. विहिरीत खरंच कुणी उतरलं नव्हतं.

मला चेव चढला. "लिवणारा विसरला, बाई! नदीपर्यंत त्यानं मनापासून लिवलंय. ताकाची लोटी कुठल्या फळीवर हाय ते पन त्याला म्हायती. नि एवढी मोठी किल्ली विसरतो? हा गोड शेवट त्यानं कोणाच्या तरी सांगण्यावरून केलाय. किल्ली हिरीत टाकणारी बाई माघारी यायची नाय."

आता कुणी हसलं नाही. डबा फिरला. सुचवणारीला मत नसायचं, म्हणून सहाच चिंचोके. सिस्टरनं ते ताटलीत ओतले. पाच अख्खे, एक फोडलेला. मी जिंकले! नाचायचंच काय ते बाकी राहिलं. एसटीत सरळगाव येईपर्यंत एकटीच हसत होते. फोडलेला चिंचोका मोठ्या बाईंचाच, याबद्दल मला शंका नव्हती, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी अंगणवाडीच्या मीटिंगसाठी मुरबाडला आले, तर मोठ्या बाई हायस्कुलाच्या फाटकाशीच भेटल्या.

"शहापूरची प्रत परत केली मी," त्या म्हणाल्या. "नववीच्या मुलींना ही कादंबरी वाचून दाखवायचीय. तुझी प्रत दे."