आकारामचा ‘बा’

आकाराम मूळचा माणचा. सांगलीत आयटीआय करून दोन वर्षं लेथवर काढली, आणि एका जत्रेत भामाबाईंच्या तमाशाच्या फडाला वग लिहून दिला. तेव्हापासून फडाच्या ट्रकमध्ये कनातींच्या गठ्ठ्यावर बसून तो लिहायचा. ट्रक उसळला की अक्षर उसळायचं, वाक्य मात्र सुटायचं नाही. जादा शब्द दिसला की लोखंड तासावं तसा तासून टाकायचा. त्याच्या घरात आजवर कुणी सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं.

पंच्याहत्तर सालच्या त्याच्या वगात लढाईवरून आलेला फौजी मेलेल्या बापाला कवटाळून “बा! बा!” असा टाहो फोडतो. दहिवडीत बायांनी डोळ्यांना पदर लावले, विट्यात बाप्यांनी पटक्याचे शेव. कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतमध्ये मात्र निम्मा तंबू खदाखदा हसला.

भामाबाईंनी त्याला तिथंच धरलं. “उद्याबी हसली तर तुजा वग बंद. जुना लावीन, आन तू आपला लेथ गाठ.”

“बाई, खोट वगात न्हाई.”

“मग काय जतच्या पान्यात हाय?”

“हितं पानी हाय कुठं, बाई!” सोंगाड्या कोंडीबा मधेच बोलला. पण आकारामला हसू आलं नाही. वग गेला तर ट्रकमधली जागाही जाणार होती.

सकाळी तो माळाला लागला. एक धनगरीण हात पसरून ओरडत होती, “बा, बा, बा!” हिचं कोण गेलं, म्हणून तो धावला, तर मागं राहिलेलं कोकरू तुरुतुरु तिच्यापाशी आलं.

“मावशी, कोकराला बा म्हनता व्हय?”

“आमच्या कानडीत बा म्हंजी ये. मग काय जा म्हनू त्याला?”

आकाराम तिथंच मांडी घालून बसला. ‘बा’ काढून ‘आबा’ घातला की काम भागत होतं. त्यानं ‘बा’ तसाच ठेवला आणि एक धनगरीण वाढवली. एकच वाक्य. भामाबाईंनी ते ऐकलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “ही मी करनार.”

त्या दिवशीच्या खेळात फौजी ओरडला, “बा! बा!” तंबूत खसखस सुरू झाली. तेवढ्यात भामाबाई घोंगडं पांघरून पुढं आल्या. फौजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “किती बोलावशील, लेकरा? त्यो आता यायचा न्हाई.”

हसू जिथल्या तिथं थिजलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं हुंदका दाबायला मुंडाशाचं टोक तोंडात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक विजापूरच्या वाटेला लागला. केबिनमधून भामाबाई ओरडल्या, “आकाराम, तिकडं आईला काय म्हनत्यात, आत्ताच इच्यारून ठेव!”

“अव्वा म्हनत्यात, बाई,” गठ्ठ्यावरून आवाज आला. “पुढचा वग आईवरच हाय. निम्मा झालाबी.”