सॉक्रेटिसविरुद्ध हर्षिता

माझ्या धाकट्या बहिणीचा, उपासनाचा नवरा कुशल कधी खोटं बोलत नाही, आणि त्याचा आम्हा सगळ्यांना फार त्रास होतो. जेवायला बोलावून कौतुकाने विचारावं, भाजी कशी झालीय, तर हा शांतपणे "मीठ जास्त पडलंय" म्हणून मोकळा. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, तेव्हा आमची आंबेडकरी कुटुंबं मोजकीच होती. भांडण परवडणारं नव्हतं, म्हणून बायकांनी त्याला विचारणंच सोडून दिलं.

नागपूरला शाळेत असताना मास्तरांना फार प्रश्न विचारतो म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. पुढे ग्रंथालयात त्याला कळलं, की प्रश्न विचारण्यापायी अथेन्समध्ये एका माणसाला विष प्यावं लागलं. तेव्हापासून सॉक्रेटिस त्याच्या घरचाच झाला. लेकीला, हर्षिताला, झोपताना गोष्टी सांगायचा त्याही त्याच्याच. त्यात खलनायक सोफिस्ट. फी घेऊन कुठलीही बाजू खरी वाटेल असं बोलायला शिकवणारे. "पटवता आलं म्हणजे खरं झालं असं नाही," हे त्या पोरीने बाराखडीच्या आधी ऐकलं असेल.

१९९६ साली, ती नववीत असताना, त्यांच्या वर्गाने सॉक्रेटिसवरचा खटला करून दाखवायचं ठरवलं. कुणी काय व्हायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. हर्षिताच्या वाट्याला आला फिर्यादीचा वकील.

"टीचरला सांग, बाजू बदलून द्या," कुशल म्हणाला.

"पप्पा, इट्स जस्ट अ क्लास असाइनमेंट!"

"तुला तो दोषी वाटतो?"

"नो."

"मग रविवारी शील घ्यायचं आणि गुरुवारी खोटं बोलायचं?"

मी तिथेच बसले होते. असा राग आला मला! शाळेचा अभ्यास तो, त्यात कसलं खोटं आणि कसलं खरं? पण ह्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

त्या रविवारची बुद्धवंदना आमच्या घरी होती. हर्षिता पुढे बसून पंचशीलातलं एकेक शील म्हणायची आणि आम्ही सगळे मागून म्हणायचो. तिसरं झालं, आणि ती सरळ पाचव्यावर गेली. खोटं न बोलण्याचं चौथं शील तिने उच्चारलंच नाही. कुणीतरी हळूच म्हणालं, "बेटा, एक राहिलं."

"थर्सडेला मोडणारच आहे, तर आज कशाला घेऊ?" ती म्हणाली.

कुशलचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलेनात. उपासनाचा रोज मला फोन, आणि फोनवर रडणं.

गुरुवारी संध्याकाळी शाळेने पालकांनाच ज्युरी म्हणून बसवलं. उपासनाची ड्यूटी होती, म्हणून कुशलबरोबर मी गेले. सॉक्रेटिस दोषी वाटला तर हात वर करायचा, एवढंच काम; शिक्षा ठरलेलीच, विषाचा प्याला. गाडीतच मी त्याला बजावलं, "कुशलराव, एकदा पोरीसाठी हात वर करा. आकाश कोसळत नाही."

हर्षिता ग्रीक पोशाख म्हणून अंगाभोवती चादर गुंडाळून उभी राहिली. आधी आवाज कापत होता, मग लागला. सॉक्रेटिस वाईट माणूस आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही. ती म्हणाली, याच्यापाशी बसून शिकलेल्या एकाने पुढे सत्ता बळकावली आणि शहरातली माणसं मारली. सद्गुण शिकवता येतो की नाही, यावर हा जन्मभर वाद घालत राहिला. मग मेलेल्या मुलाच्या आईने कुणाला विचारायचं, की तुझा तो शिष्य तुझ्याकडून नेमकं काय शिकला? माझ्या अंगावर काटा आला.

मतदान झालं. भराभर हात वर गेले, माझा तर सगळ्यात उंच. शेजारी पाहिलं, तर कुशलचे दोन्ही हात मांडीवर. हर्षिताही तिकडेच बघत होती. सॉक्रेटिस दोषी ठरला, टाळ्या झाल्या, आणि मी आतल्या आत जळत राहिले.

पार्किंगमध्ये मी त्याला झाडायला सुरुवात केली, तेवढ्यात हर्षिता धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"मी फक्त तुमच्या हँडकडे बघत होते, पप्पा. वर गेला असता ना, तर मला वाटलं असतं, माझ्यासाठीच केला. देन आय कुड नेव्हर बिलीव्ह यू अगेन."

मला एवढं हलकं वाटलं, की मी गाडीला टेकूनच उभी राहिले. माझा सल्ला त्याने ऐकला नाही, हे किती बरं झालं!

"तुझं एकही वाक्य खोटं नव्हतं," कुशल म्हणाला. "मी एकेक ऐकत होतो. माझं चुकलं, बेटा."

"म्हणजे मी कन्व्हिन्स केलं तुम्हाला?"

"तू बोललीस ते पटलं. हात उचलणारच होतो. पण तेवढ्यासाठी माणसाला विष द्यायचं, ते नाही पटलं."

हर्षिताने चादरीला नाक पुसलं.

"मलापण नाही," ती म्हणाली.