थांबवलेले पाते

जगदंबेला वंदन करून, आज खंडेनवमीच्या दिवशी हे लिहितो. कापूर पेटला की नागापूरचा तो रासायनिक कारखाना आठवतो. तेथे खंडेनवमीची यंत्रपूजा सांगायला मी गेलो होतो आणि पूजेच्या वेळी यंत्र विसावलेले असावे, हा आग्रह माझाच होता. तेथेच काम करणारी माझी पुतणी म्हणाली, "काका, तापलेल्या टाकीतले ढवळणारे पाते थांबवू नका, उष्णता आतच साचत जाते. संगणकावर रेणूंचा हा खेळ असंख्य वेळा मांडून पाहिलाय. क्वचितच, पण स्फोट होतो." फोरमन हसला, "ताई, लई दसरे झाले, काय न्हाई व्हत!" मी फोरमनकडे पाहून होकारार्थी मान डोलावली आणि त्याने पाते थांबवले. आरती चालू असतानाच टाकी फुटली. उडालेल्या झाकणाने फोरमनचा उजवा हात खांद्यापासून तोडून नेला. तेव्हापासून मी चालत्या यंत्रालाच दुरून अक्षता वाहतो. वाचकहो, आई तुमच्या घरातला प्रत्येक हात अखंड राखो.