दोन लायसन्सांचं एक टोचन
माझ्याकडे कुवेतचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. ते कशाचं होतं, हे मला जहराच्या रस्त्यावर एका पोलिसाने वाचून दाखवलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी बदली जहराला झाली आणि आम्ही रुमैथियातलं बिऱ्हाड हलवायला काढलं. सामान नेणाऱ्याला सांगून मोकळे झालो असतो. पण तेव्हा माझे सासरे व्हिजिटवर आले होते. अण्णांचा जन्म नाशिकहून परराज्यांत द्राक्षांचे ट्रक नेण्यात गेलेला. आमच्याकडे आल्यापासून ते बाल्कनीत बसून दुसऱ्यांचं ड्रायव्हिंग तपासत होते.

"ड्रायव्हर कशाला? घरात दोघं आहोत की," ते म्हणाले.

मी शुवैखमधून भाड्याने हाफ लॉरी (म्हणजे आपला टेम्पोच, पण दांडगा) आणली. मालकाने "लायसन्स है?" एवढंच विचारलं. कसलं, ते विचारलं नाही. मीही विषय वाढवला नाही.

राहता राहिली आमची कार. तिचा गिअरबॉक्स गेला होता. अण्णा म्हणाले, "टोचन लावू." लॉरीला दोर बांधला. पुढे लॉरीत मी, बायको सुनंदा आणि मुलगी रुचा. मागे दोराला कार, कारच्या स्टिअरिंगवर अण्णा आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, देवघर.

"डॅड, इज धिस लीगल?" रुचाने विचारलं.

"आजोबांना विचार," मी म्हणालो. आजोबा दोराच्या दुसऱ्या टोकाला होते, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

जहरा दिसायला लागलं आणि पोलिसाने हात केला.

"ये लायसन्स छोटा गाडी का," तो म्हणाला. "लॉरी, मम्नू." म्हणजे मनाई. मग मागे जाऊन त्याने दोर पाहिला, अण्णांना पाहिलं, देवघराकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "ये तो बहुत मम्नू."

अण्णा या क्षणाची वाटच पाहत होते. ते उतरले, खिशातून हेवी व्हेइकलचं लायसन्स काढलं आणि म्हणाले, "मेरा है. बडा गाडी का. कोई भी राज्य में चलता है."

"कुवेत में?"

"कुवेत कोणत्या राज्यात येतं हो?" अण्णांनी मला हळूच विचारलं.

सुनंदा काचेतून डोकावली. "यांचा देश बरोबर आहे, अण्णांची गाडी बरोबर आहे. दोघांचं मिळून धरा ना एक."

मी हे भाषांतर करून सांगितलं. करायला नको होतं. पोलीस हसला, पण सामानाने भरलेली लॉरी आणि कार जप्त झाली ती झालीच. माझा दंड वेगळा. उन्हात म्हातारा माणूस आणि लहान मूल पाहून त्याला दया आली, म्हणून त्याने आम्हाला देवघरासकट आपल्या जीपमध्ये बसवलं आणि नव्या बिल्डिंगच्या दारात उतरवलं. बाल्कन्या भरलेल्या होत्या. मी सगळ्यांना हात हलवला. कुणीच हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदा शेजारच्या केरळी बाईंकडे ओळख करून घ्यायला गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि हळू आवाजात विचारलं, "साब छूट गया?"

"हां," सुनंदा म्हणाली, "साब छूट गया. गद्दे अभी अंदर हैं."