व्हेनिसचा बांध

हे जाऊन आता सहा आठवडे झाले. तेराव्याला गावातल्या एका पुढाऱ्याने चार शब्द बोलताना सांगितलं, की काकांनी रोमपासून व्हेनिसपर्यंत सगळं जग डोळे भरून पाहिलं. माणसं हळहळली. मी पदर तोंडाला लावला, आणि शेजारणीला वाटलं मला रडू फुटलं. खरं तर मला हसू आवरत नव्हतं. रोम यांनी कधी पाहिलंच नाही, आणि व्हेनिसला जाऊन जे पाहिलं त्याला कारण मी... सतरा वर्षांची, सातवी पास, आणि त्या सातवीच्या जोरावर जगाला शहाणपण शिकवायला निघालेली एक अर्धवट मुलगी.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. आमचं गाव म्हसळ्याच्या खाली, खाडीकाठी. भात पिकायचं ते खारात, म्हणजे भरतीचं पाणी मातीच्या बांधाने अडवून राखलेल्या जमिनीत. हे मालवाहू बोटीवर इंजिनघरात तेलवाले, म्हणजे यंत्रांना तेल घालणारे, होते. लग्नानंतर अठरा दिवस घरी राहिले आणि गेले. त्या अठरा दिवसांतलं आमचं संभाषण म्हणजे "पाणी हवं?" आणि "नको." पत्रं यायची ती सासऱ्यांच्या, आबांच्या नावावर. आबा ती ओटीवर बसून मोठ्याने वाचायचे, मी दाराआडून ऐकायची. शेवटी एक ओळ असायची, 'घरातल्या सर्वांची प्रकृती कळवावी.' त्या सर्वांमधला माझा वाटा मी गुपचूप काढून घ्यायची.

एकदा आलेलं पत्र मात्र निराळं निघालं. बोट इटलीतल्या एका बंदरात दुरुस्तीला लागली होती, दीड महिना हलणार नव्हती, आणि यांना तीन दिवसांची रजा मिळायची होती. 'इथून रोम गाठता येतं किंवा व्हेनिस. दोन्ही जमणार नाही. रोम फार जुनं आणि मोठं शहर आहे. व्हेनिसला रस्त्यांच्या जागी समुद्राचं पाणी आहे, लोक दारातून होडीत बसतात. कुठे जावं ते तिला विचारून कळवावं.' आबांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"तिला काय इचारायचं?" सासूबाई म्हणाल्या. "ती म्हसळ्याच्या पलीकडं गेली न्हाय."

"इचारलंय तर सांगंल ती," आबा म्हणाले, पण त्यांचं ध्यान दुसरीकडेच होतं. "रस्त्यात समुद्राचं पाणी... म्हणजे खांड पडली त्यांच्या बांधाला. मोठी पडली असणार."

खांड म्हणजे काय ते सगळ्या घराला ठाऊक होतं. दोनच वर्षांपूर्वी उधाणात आमचाही बांध फुटला होता, आणि पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याने जळून गेलं होतं. तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं पाट्या घेऊन चिखल टाकायला धावली होती. आमच्याकडे रीतच तशी. फुटलेल्या बांधावर जायचं तर पाटी घेऊन जायचं, नुसतं बघायला नाही. त्या दिवशी तालुक्याचा कुणी गृहस्थ छत्री उघडून शेंगदाणे खात उभा होता, त्याला सासूबाई अजून शिव्या घालत होत्या.

उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं. नवरा ठरवताना माहेरी विचारलं नव्हतं, आमटीत मीठ किती ते सासरी विचारत नव्हते. मग मी काय सोडते? मायना काय घालावा यात अर्धा दिवस गेला, शेवटी मायन्याशिवायच लिहिलं, 'रोमला जावे. ज्या गावाचा बांध फुटला आहे तिथे रिकाम्या हाताने बघायला जाऊ नये. ते शोभत नाही.' सही अशा ऐटीत केली, जणू दोन्ही शहरं माझ्या वडिलांनी आंदण दिली होती.

पत्र गेल्यावर आठ दिवसांनी ही गोष्ट मी मोठ्या दिमाखात शाळेच्या गुरुजींना सांगितली. ते म्हणाले, "अहो वहिनी, ते शहर शेकडो वर्षं तसंच पाण्यात उभं आहे. बांध कसला आणि फुटतो कसला."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. बोटीवर एकाचं पत्र दहा जण ऐकतात, सगळे हसणार हे तर झालंच. पण खरी धास्ती वेगळी होती. यांनी एकदा विचारून पाहिलं आणि मी हे असलं उत्तर दिलं, आता हे पुन्हा कधी काही विचारणार नाहीत. जन्मभर "पाणी हवं?" "नको." महिनाभर पोस्टमन दिसला की मी गोठ्यात जाऊन उभी राहायची. म्हशीलाही संशय आला असेल.

पत्र आलं तेव्हा आत दोन कागद होते, आणि दुसऱ्यावर माझं नाव. आबांनी तो न वाचता माझ्यापुढे धरला. 'तुझं पत्र मिळालं. व्हेनिसला गेलो. बांध फुटलेला नव्हता. पण तू लिहिलंस ते डोक्यातून जाईना, हात रिकामे ठेवून हिंडायला लाज वाटू लागली. एका ठिकाणी पाणी अडवून माणसं तळाचा गाळ उपसत होती. आपल्याकडचाच चिखल, वासही तोच. बाह्या सरसावून त्यांच्या रांगेत उभा राहिलो. आधी ते हसले, मग त्यांनी पाटी दिली. दुपारी पाव आणि तळलेले मासे खायला घातले. शहर बघायचं राहिलं.'

"काय लिव्हलंन?" आबांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "परमुलखात बांधावर गेला. बरं केलंन."

हे घरी आले तेव्हा मी पहिल्याच दिवशी धीर करून विचारलं, "मी रोम लिहिलं होतं ना?"

"रोमचा बांध शाबूत हाय. तिथं माझी काय गरज?"

"आणि बोटीवरचे हसले असतील."

"हसले ना. मी पण हसलो. म्हणून पुढच्या खेपेला इचारू नको का?"

विचारत राहिले. पंचावन्न वर्षं. विचारायचं मला, करायचं दुसरंच, पण माझंच कारण पकडून. घराचं दार कुठे ठेवू म्हणाले, मी म्हटलं पूर्वेला, चुलीवर सकाळचं ऊन येईल. दार ठेवलं दक्षिणेला आणि चुलीसमोर पूर्वेला खिडकी पाडली. शेवटी दवाखान्यातही विचारलं, "इथं राहू का घरी जाऊ?" मी म्हटलं, इथेच राहा. घरी माणसांची रीघ लागेल, मी चहाच करत बसेन, तुमच्याजवळ बसायला मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी हट्टाने घरी आले, आणि उंबऱ्यातच मुलाला म्हणाले, "येईल त्याला चहा तुम्ही करा. ती माझ्याजवळून उठणार न्हाय." चार दिवस मी उठले नाही.

तेरावं झाल्यावर मुलगा-सून आपल्या कामावर शहरात परत गेली. परवा बाजारात गेले. कोळणीने एका हातात मांदेली, एका हातात बोंबील धरून विचारलं, "आजी, कंचं देऊ?" मी म्हटलं, मांदेली दे थोडी, बोंबलांचा वाटा मोठा, एकटीला संपायचा नाही. ती मांदेली पिशवीत टाकणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. बोंबील घेतले, आणि येता येता शेजारणीला जेवायला सांगून आले.