चार बैलगाड्यांची जागा

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की टोकावडे ते शहापूर या रस्त्यावर आता एकही सभ्य माणूस गाडी चालवत नाही. एक होता, तो गेला. तरी ज्यांना या रस्त्याने जाणे भाग आहे त्यांनी आपापल्या नाकाची काळजी स्वतः घ्यावी.

नाकाचीच. कारण त्याची सगळी तक्रार नाकाशी होती. मागून एखादी गाडी त्याच्या जीपला चिकटली की तो वेग कमी करायचा, डावीकडे सरकायचा आणि चिकटणारा शेजारून जायला लागला की तोंड कडू करून ओरडायचा, "शी! वास घेत होतास काय रे?"

तुम्हीही पाहिलंच असेल. दोन कुत्री भेटली की जे करतात, ते आपल्याकडे खडीचे डंपर आणि दुधाचे टेम्पो भर रस्त्यात करतात. पुढच्याच्या मागल्या अंगाला थोबाड लावायचं ते थेट किन्हवलीला काढायचं! मी रोज त्याच्याच जीपने शहापूरच्या शाळेत शिकवायला जायचो. ही किळस मला त्याने शिकवली. त्याआधी मी या प्रकाराला वाहतूक म्हणत होतो.

तो स्वतः पुढच्या गाडीमागे चार बैलगाड्या मावतील एवढी जागा सोडायचा. बैलांसकट. त्या जागेत कोणीतरी घुसायचंच. मग हा आणखी मागे राहून नवी जागा करायचा. त्यात दुसरा घुसायचा. "असाच चालवलास तर आमी परत टोकावड्याला पोचू," अशी ओरड जीपमध्ये रोजची. स्टँडवर त्याचं नाव 'लांबचे पाहुणे' पडलं होतं.

"एवढी जागा कशाला रे?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, पुढच्याच्या मनात काय हाय ते त्याच्या बायकोला नाय कळत. मला कसं कळणार?"

आता माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे एक समजूत आहे: नवरदेवाची गाडी आणि वऱ्हाड यांच्यामध्ये परकी गाडी शिरू द्यायची नाही. अपशकुन होतो. म्हणून लग्नातल्या गाड्या दोरीने बांधल्यासारख्या धावतात. आणि दादाने नवरदेवाच्या नेमकं मागे कोणाची जीप लावावी? बायकांना त्याचाच भरवसा होता ना!

सरळगावचा फाटा वळलो आणि चार बैलगाड्यांच्या जागेत कोंबड्यांचा टेम्पो शिरला. मग जे काही उडालं त्याचं वर्णन जेवून वाचणाऱ्यांसाठी मी टाळतो. पिसं तेवढी सांगतो. नव्या साड्यांवर, गजऱ्यांत, आमच्या वहिनींच्या नथीत. दादा मागच्या गाडीतून घसा फोडत होता, "चिकटव रे! चिकटव गाडी!" तो हलला नाही. टेम्पोमागे आणखी दोन गाड्या शिरल्या. नवरदेव किन्हवलीच्या मांडवात एकटाच पोचला आणि वऱ्हाड येईपर्यंत गाडीत मुंडावळ्या सावरत बसला.

दादा मांडवात सगळ्यांसमोर जीपवाल्याच्या अंगावर गेला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, उशीर झाला. पर बायका सगळ्या आल्या ना, दातांसकट?"

त्यानंतर दादाने गावोगाव सांगितलं, याला वऱ्हाड देऊ नका. त्याचं घर चालायचं ते लग्नसराईवर. पुढची सराई त्याची जीप स्टँडवर उभी राहिली. तो नारळाच्या झाडूने तिच्या सीटा झाडत बसायचा. दादाबद्दल मात्र त्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. सगळी किळस त्याने गाड्यांसाठी राखून ठेवली होती.

मग त्याच लग्नात घरी आलेल्या सुनेचे दिवस भरले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, धक्का लागता कामा नये. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि दादा, आमचा दादा, चपला न घालता त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. याने खुंटीवरची किल्ली काढली.

पुढे दादा, मागे सुनेचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी, आणि मी. समोर खडीचा डंपर, त्याचे मागचे दिवे केव्हाच फुटलेले.

"घे ना पुढं! डंपर हाय, वाघ नाय!" दादा तडफडत होता.

"भाऊ, तुमी सुनंकडं बघा. पुढचा माझा हाय."

तेवढ्यात मागे चिकटलेली एक पिकअप सुसाट पुढे गेली आणि त्या मोकळ्या जागेत घुसली. तो "शी!" म्हणाला आणि आणखी मागे राहिला. दादाने कपाळावर हात मारला. तो हात कपाळावरच होता, तोच डंपर रस्त्यात थांबला. का, ते त्यालाच ठाऊक. पिकअपचं नाक डंपरखाली गेलं. आमची जीप हळू झाली, आणखी हळू झाली आणि भरलेली घागर खाली ठेवावी तशी थांबली. पुढे एका बैलगाडीपुरती जागा उरली होती. तीन संपल्या होत्या.

सुनेने डोळे उघडले. "आलं का शहापूर?"

त्याने खिडकीतून पिकअपवाल्याकडे पाहिलं. तो खाली उतरून गुडघा चोळत होता. याने तोंड कडू केलं, पण आवाज वेगळा निघाला. "शी... लागलं काय रे तुला?"

मुलगी झाली. दादाने त्याची माफी कधी मागितली नाही. फक्त पुढच्या सराईत गावातलं पहिलं वऱ्हाड निघालं, तेव्हा नवरदेवाच्या गाडीमागे त्याची जीप दादाने स्वतः उभी करून घेतली.

यंदा तो तापाने गेला, शहापूरच्या दवाखान्यात. त्याला घेऊन रुग्णवाहिका टोकावड्याला निघाली. मागे दादाची गाडी, शेजारी मी, आमच्यामागे स्टँडवरच्या सगळ्या जीपा. जन्मभर एकमेकांचा वास घेत फिरलेली ती माणसं त्या दिवशी अंतर सोडून चालली होती. दादाने तर मोजून चार बैलगाड्यांचं सोडलं होतं.

सरळगावच्या अलीकडे एक टेम्पो भोंगा वाजवत आला, त्या जागेत शिरला आणि रुग्णवाहिकेच्या दाराला जाऊन चिकटला.

दादाने काच खाली केली, अर्धा बाहेर वाकला आणि ओरडला, "शी! मागं हो रे! त्याला नाय आवडत!"